२८ जुलै : पटावरच्या लेकींचा दिवस!

तंजावरला जाणारा मराठी माणूस काय बघतो? बृहदीश्वराचं मंदिर बघतो, त्याच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास बोट फिरवत वाचायचा प्रयत्न करतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो, सरफोजी राजांच्या पुतळ्यापुढे हात जोडतो आणि कुंभकोणमची बस पकडतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षं इथे मराठी राज्य होतं, हे आठवून ऊर भरून येतो, ते वेगळंच.

पण तंजावरहून तिरुवारूरच्या गाडीत बसलं तर वाटेत नीडामंगलम लागतं. इथेही तंजावरच्या भोसल्यांनी वाटसरूंसाठी छत्र बांधलं होतं, यमुनांबेच्या नावाचं. तिथून मन्नारगुडीच्या रस्त्याला तिरुपूवनूर नावाचं गाव आहे. जुन्या तंजावर जिल्ह्यातलं, आता तिरुवारूर जिल्ह्यात गेलेलं. भोवती भातशेती, जवळून वाहणारी पामणी नदी आणि एक प्राचीन शिवमंदिर. या शंकराचं नाव ऐकलंत तर चकित व्हाल. चतुरंग वल्लभनाथ! चतुरंगात, म्हणजे बुद्धिबळात, प्रवीण असलेला देव.

कथा अशी सांगतात. वसुसेन नावाच्या राजाला मूल नव्हतं. शंकराची आराधना केल्यावर साक्षात पार्वतीच त्याच्या घरी कन्या म्हणून आली. तिचं नाव राजराजेश्वरी. मुलगी मोठी झाली आणि बुद्धिबळात अशी तयार झाली, की तिच्यापुढे बसणारा प्रत्येक जण हरून उठायचा. राजाने पण लावला, ‘जो माझ्या मुलीला या खेळात हरवील त्यालाच ती दिली जाईल.’ राजे आले, राजपुत्र आले, सगळे मान खाली घालून परतले. बापाला मुलीच्या लग्नाची काळजी लागली. शेवटी एका सिद्धपुरुषाचं रूप घेऊन शंकर स्वतः आला, पटावर बसला, त्याने तिला हरवलं आणि खरं रूप प्रकट करून तिच्याशी लग्न केलं.

कथा गोड आहे. पण जरा थांबून बघा. मुलगी जिंकत होती तोवर घरच्यांना चिंता होती, ती हरली तेव्हा सगळे सुखावले! समोर देव होता म्हणून ठीक. माणसांच्या जगात मात्र जिंकणाऱ्या मुलीचं काय करायचं, हा प्रश्न पुढे बराच काळ सुटला नव्हता. आणि तो जिथे जिथे उभा राहिला त्या जागा शोधत गेलं, तर कॅलेंडरवरची एकच तारीख पुन्हा पुन्हा समोर येते. २८ जुलै!

चेन्नईतली ती संध्याकाळ

आपल्याकडच्या ताज्या आठवणीपासूनच सुरुवात करू. २८ जुलै २०२२. चेन्नईचं जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियम. ४४ व्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचं उद्घाटन. खरं तर ही स्पर्धा रशियात व्हायची होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि ती तिथून हलली. तमिळनाडूने हात वर केला आणि तयारीला जेमतेम चार महिने असताना यजमानपद घेतलं. नेपियर पुलावर काळेपांढरे चौकोन रंगवले गेले, वेष्टी नेसलेला ‘तंबी’ नावाचा घोडा शहरभर हात जोडून उभा राहिला. खुल्या गटात १८८ संघ, महिलांच्या गटात १६२!

त्या संध्याकाळी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भाषणात तिरुपूवनूरच्या याच मंदिराचा उल्लेख केला. देवानेही इथे राजकन्येबरोबर बुद्धिबळ खेळलं, म्हणून या राज्याचं या खेळाशी जुनं नातं आहे, असा त्याचा आशय. नीडामंगलमच्या पलीकडे फारसं कुणाला माहीत नसलेलं देऊळ एका रात्रीत देशाला कळलं. तसं बघितलं तर जुन्या तंजावर जिल्ह्याचं बुद्धिबळाशी नातं दुहेरी आहे. भारताचा पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद जन्मला तो मयिलाडुतुरैला, ११ डिसेंबर १९६९ रोजी. हे गावही तेव्हा तंजावर जिल्ह्यातच होतं. आणि आनंदला पटावर बसवलं कुणी? त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी! कथेत हरलेली राजकन्या अशी आई होऊन पुन्हा पटापाशी आली म्हणायची.

डाव झाले मामल्लपुरमला. भारताच्या महिलांचा पहिला संघ असा खेळला की सुवर्णपदक हातात आल्यासारखंच वाटत होतं. कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हारिका, वैशाली, तानिया सचदेव आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी. हारिका तर नवव्या महिन्यात होती! डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पटावर बसत होती. शेवटच्या फेरीपर्यंत संघ आघाडीवर होता, पण अमेरिकेने त्या फेरीत ३-१ असं हरवलं आणि सोन्याचं कांस्य झालं. युद्धाच्या आगीतून आलेल्या युक्रेनच्या मुली सुवर्ण घेऊन गेल्या. तरी महिलांच्या गटात भारताला ऑलिम्पियाडचं पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ.

या गडबडीत भारताच्या दुसऱ्या महिला संघातल्या एका मुलीकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. राखीव खेळाडू, वय १६, गाव नागपूर. तिने वैयक्तिक कांस्यपदक मिळवलं आणि घरी गेली. तिचं नाव दिव्या देशमुख. पुढच्या तीन वर्षांतच तिची आणि २८ जुलै या तारखेची पुन्हा गाठ पडायची होती.

वेरा मेंचिकचा क्लब

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. बुद्धिबळाचं पहिलं अधिकृत ऑलिम्पियाड लंडनला झालं, १८ ते ३० जुलै १९२७. त्याच दिवसांत, त्याच गावात महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही चालू होती. २८ जुलैला ती अगदी शेवटच्या टप्प्यात होती. जिंकली ती मॉस्कोत जन्मलेली आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली २१ वर्षांची वेरा मेंचिक. ११ पैकी साडेदहा गुण!

बायकांमध्ये तिला कुणी तुल्यबळ उरलं नाही, तेव्हा ती पुरुषांच्या स्पर्धांत उतरली. १९२९ मध्ये कार्ल्सबादला तिचं नाव यादीत बघून व्हिएन्नाचा आल्बर्ट बेकर नावाचा खेळाडू हसला. म्हणाला, जो कुणी हिच्याशी हरेल त्याला आपण ‘वेरा मेंचिक क्लब’चा सभासद करून घेऊ. झालं काय, तर क्लबचा पहिला सभासद खुद्द बेकरच झाला! पुढे सभासदांची यादी चांगलीच लांबली. आपल्याकडचा, म्हणजे तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातला, असामान्य खेळाडू मीर सुलतान खानही तिच्याकडून हरला. आणि हॉलंडचा मॅक्स युव्हे तर हेस्टिंग्जला लागोपाठ दोन वर्षं हरला. हा युव्हे १९३५ मध्ये जगज्जेता झाला, एवढं सांगितलं म्हणजे मेंचिकची ताकद कळेल. १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन बॉम्बमध्ये ती मरण पावली, तेव्हाही जागतिक किताब तिच्याकडेच होता.

युव्हेचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मेंचिकच्या विजयाला वर्ष होतं न होतं, तोच २८ जुलै १९२८ रोजी ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा झाला. भारताला या ऑलिम्पिकचं अप्रूप हॉकीमुळे. गंमत म्हणजे उद्घाटनाच्या दोन महिने आधीच, २६ मे रोजी, आपण हॉकीचं सुवर्ण जिंकून मोकळे झालो होतो! पण याच ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा धावण्या-उड्या मारण्याच्या मैदानी स्पर्धांत घेतलं गेलं. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक कूबरतँ यांचा त्याला ठाम विरोध होता. मुलींची ८०० मीटरची शर्यत झाली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी बायका कशा धापा टाकत कोसळल्या याची तिखटमीठ लावलेली वर्णनं छापली. दमलेला पुरुष आडवा झाला तर तो पराक्रम, बाई आडवी झाली तर पुरावा! ती शर्यत जी बंद झाली ती थेट १९६० मध्ये सुरू झाली. मधली ३२ वर्षं किती मुलींचं वय निघून गेलं असेल, त्याचा हिशेब कोण देणार?

खाडिलकरांची रोहिणी

आपल्याकडे १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली. पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची मुलगी. तिच्या पाठच्या जयश्री आणि रोहिणी. पहिली काही वर्षं हा किताब खाडिलकरांच्या घराबाहेर फारसा गेलाच नाही. घरातल्या घरातच फिरत राहिला. पुढे जयश्री भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली आणि रोहिणी १९८१ मध्ये आशियाची विजेती.

पण खरी खळबळ उडाली ती १९७६ मध्ये. १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. असं करणारी ती पहिली भारतीय मुलगी. झालं! पुरुषांच्या स्पर्धेत मुलगी कशी, असा गदारोळ उठला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या, अध्यक्षांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून रोखता येणार नाही. हे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? मॅक्स युव्हे! वेरा मेंचिककडून दोनदा हरलेले. बाई पटावर काय करू शकते हे त्यांना कुणी नव्याने सांगायची गरजच नव्हती.

त्या निर्णयाची तारीख २८ जुलै नाही, हे खरं. पण १९२७ च्या लंडनमधून निघालेला धागा मुंबईच्या एका शाळकरी मुलीपर्यंत पोहोचतो आणि तिथून पुढे जातो, म्हणून ती गोष्ट इथे सांगायलाच हवी. रोहिणीनंतर भाग्यश्री साठे-ठिपसे, सांगलीची स्वाती घाटे, पुण्याची सौम्या स्वामिनाथन अशी रांगच लागली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने जे काम करून ठेवलं, त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

तारीख एक, किस्से अनेक

एकाच तारखेला काय काय घडून जातं याची थोडी मजाही बघू. गॅरी सोबर्सचा जन्म २८ जुलै १९३६ चा, बार्बाडोसमधला. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातला सुनील गावसकरांनी सांगितलेला किस्सा जुन्या क्रिकेटवेड्यांना आठवत असेल. सोबर्स फलंदाजीला जाण्याआधी शुभशकुन म्हणून नवख्या गावसकरला हात लावून जायचा आणि धावांचा डोंगर रचायचा. शेवटच्या कसोटीत कर्णधार अजित वाडेकरांनी गावसकरला चक्क बाथरूममध्ये बंद केलं. सोबर्सला हात लावायला कुणी सापडलं नाही आणि तो शून्यावर परतला!

१९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक सुरू झालं तेही २८ जुलैला. तिथे २८ ची दुपार कलत होती तेव्हा आपल्याकडे २९ उजाडली होती, हा भाग वेगळा. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली ती इथे. पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं तेही इथेच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ‘परफेक्ट गेम’ म्हणून एक दुर्मिळ चीज असते. गोलंदाजाने संपूर्ण सामन्यात प्रतिपक्षाच्या एकाही माणसाला पहिल्या थांब्यावरसुद्धा पोहोचू द्यायचं नाही. तिथल्या प्रमुख स्पर्धांच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत २०२५ पर्यंत असे सामने झाले फक्त २४. त्यातले दोन २८ जुलैचे. १९९१ मध्ये डेनिस मार्टिनेझचा आणि १९९४ मध्ये केनी रॉजर्सचा.

आणि बुद्धिबळवेड्यांसाठी खास. मूत्रपात्र प्रदर्शनात मांडून कलाजगताला हादरवणारा फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँ २८ जुलै १८८७ चा. ऐन भरात या माणसाने चित्रकला जवळजवळ सोडून दिली. कशासाठी? बुद्धिबळासाठी! फ्रान्सकडून तो चार ऑलिम्पियाड खेळला.

२८ जुलै २०२४ चा रविवार मात्र किस्सा म्हणून सोडून देता येणार नाही. पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी शातोरू गावात चालली होती. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये हरियाणाच्या मनू भाकरने २२१.७ गुणांसह कांस्य जिंकलं. नेमबाजीत ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. तीन वर्षांपूर्वी टोकियोत ऐन स्पर्धेत हिचं पिस्तूल बिघडलं होतं आणि ती रडत बाहेर आली होती. यावेळी पदक घेऊन आली, आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या जोडीने आणखी एक!

बातुमीत काय झालं?

आता नागपूरच्या मुलीकडे. आईवडील दोघंही डॉक्टर. चेन्नईनंतर दिव्याचा आलेख चढत गेला. २०२३ मध्ये आशियाई विजेतेपद, जून २०२४ मध्ये गांधीनगरला २० वर्षांखालील मुलींचं जागतिक अजिंक्यपद, सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं सुवर्ण आणि तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णही.

पण मध्ये एक गोष्ट घडली. जानेवारी २०२४ मध्ये हॉलंडमधल्या वाइक आन झे इथली स्पर्धा खेळून आल्यावर तिने समाजमाध्यमावर मनातली खंत लिहिली. आपण इतके चांगले डाव खेळलो, पण प्रेक्षकांचं लक्ष खेळाऐवजी आपले कपडे, केस, बोलण्याची ढब याकडेच, असा तिचा सूर होता. मुलींच्या वाट्याला हे रोज येतं, पुरुष खेळाडूंच्या नाही, हेही तिने सांगून टाकलं. वय १८! काहींनी नाकं मुरडली, पण जगभरच्या मुलींनी ‘आमचंही हेच’ म्हणून दुजोरा दिला. कार्ल्सबादचा बेकर निदान मेंचिकचा खेळ तरी बघत होता, असं म्हणायची पाळी.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक भरला. १०७ खेळाडू. जॉर्जिया म्हणजे महिला बुद्धिबळाची पंढरीच. ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री नोना गाप्रिंदाश्विली इथलीच. दिव्याला १५ वं मानांकन होतं. तिने दुसऱ्या मानांकनाच्या चीनच्या झू जिनेरला घालवलं. उपांत्यपूर्व फेरीत आठपैकी चौघी भारताच्या, हेच एक नवल होतं. तिथे हारिकाला हरवलं. उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयीशी एक डाव १०१ चालींपर्यंत चालला आणि दिव्याने तो जिंकला.

अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. दिव्याचा जन्म झाला २००५ मध्ये. हंपी त्याच्या तीन वर्षं आधीच ग्रँडमास्टर झालेली होती! भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर. एका मुलीची आई झाल्यावरही न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाची जगज्जेती ठरलेली. एक १९ वर्षांची, दुसरी ३८ वर्षांची. चषक भारतातच येणार हे नक्की झालं होतं, प्रश्न फक्त घरातल्या कुणाकडे जाणार एवढाच होता.

२६ आणि २७ जुलैचे नेहमीच्या पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल गेला जलद डावांवर, २८ जुलैला. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळ पळत होतं, दोघींच्याही चुका होऊ लागल्या. आजवर असल्या प्रसंगी अनुभव कामाला येतो असं सगळे सांगत आले, पण यावेळी शेवटची मोठी चूक अनुभवी हंपीकडून झाली. तिने हात पुढे केला. दिव्या क्षणभर तशीच बसून राहिली, मग डोळे पुसत उठली आणि आईच्या गळ्यात पडली. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं.

हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. शिवाय एक वेगळीच भेट मिळाली. ग्रँडमास्टर व्हायचं तर तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. या नॉर्मपायी भलेभले खेळाडू वर्षानुवर्षं युरोपच्या वाऱ्या करतात. दिव्या बातुमीला पोहोचली तेव्हा तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण या स्पर्धेच्या विजेतीला किताब थेट मिळतो. म्हणजे सकाळी एकही नॉर्म नसलेली मुलगी संध्याकाळी ग्रँडमास्टर!

आपल्या पटावर सगळ्यांत ताकदवान मोहऱ्याला आपण अजून वजीर म्हणतो. जुन्या चतुरंगात हा मंत्री तिरका एकच घर चालायचा. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीला ती हवी तितकी घरं, हव्या त्या दिशेला धावू लागली. आपल्याकडे चाल तीच आली, नाव मात्र वजिराचंच राहिलं. दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. तिच्याआधी २००२ मध्ये हंपी, २०११ मध्ये हारिका, २०२३ मध्ये वैशाली. म्हणजे त्या २८ जुलैच्या संध्याकाळी ८८ जणांच्या यादीत स्त्रिया होत्या चार.